दुसऱ्या सकाळची चव

पाइपचा तंबाखू कसा आहे हे मला पहिल्या झुरक्यात कळत नाही, आणि ते तेव्हाच कळावं अशी माझी अपेक्षाही नसते. डबा उघडल्यावर येणारा वास फसवा असतो. तो बऱ्याचदा पानाचा कमी आणि वरून शिंपडलेल्या अर्काचा जास्त असतो. पहिले एक-दोन झुरके काडीच्या गंधकात जातात. मधला बराच वेळ आपण ओढण्यात, दाबण्यात, पुन्हा पेटवण्यात गुंतलेले असतो. मग पाइप विझतो, राख झाडून होते, हात धुऊन होतात आणि तिथून माझ्या लेखी तंबाखूची खरी परीक्षा सुरू होते. रात्री पाणी पिताना, झोपण्याआधी जांभई देताना, दुसऱ्या दिवशी उठल्यावर चूळ भरण्याआधी जिभेच्या मुळाशी आणि टाळूच्या मागे जे शिल्लक असतं, त्यावर मी तंबाखू जोखतो. तिथे जो टिकतो आणि टिकूनही नकोसा होत नाही, तो चांगला. बाकीच्यांचं कौतुक डब्यापुरतं.

हे मी केवळ हौसेनं ठरवलेलं नाही. माझं पोट नाकावर आहे. सांगलीत हळदीच्या अडतीवर माझी उभी हयात गेली. सौद्याला वक्कल, म्हणजे एका शेतकऱ्याच्या मालाचा ढीग, पुढे आली की हळकुंड मोडायचं, गाभ्याचा रंग बघायचा आणि मोडलेली बाजू नाकाशी धरायची. कुरकुमिन, म्हणजे हळदीला रंग देणारं द्रव्य, किती हे आता प्रयोगशाळा कागदावर लिहून देते. पण माल ओलसर असताना पोत्यात भरला का, शिजवताना कच्चा राहिला का, गेल्या सालची हळद नव्या हळदीत मिसळली आहे का, हे आजही आधी नाकाला कळतं. चांगल्या राजापुरी हळदीचा वास आधी कोरडा आणि मातकट येतो, मग त्यातून संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी वर येतं आणि शेवटी किंचित मिरमिरतं. आदल्या रात्री धुरी दिलेला कडक तंबाखू ओढला असेल तर पहिला वास येतो, मधला गायब होतो. हळद तीच असते, माझं नाक भरलेलं असतं. म्हणून सौद्याच्या आदल्या रात्री मी पाइपला हात लावत नाही. आणि म्हणूनच तंबाखूची चव किती वेळ राहते, कुठे राहते आणि का राहते, हा माझ्यासाठी रिकामपणाचा विषय नाही.

पाइपचा तंबाखू दोन तऱ्हांनी कडक असतो आणि नवखा माणूस या दोन्हींची गल्लत करतो. एक कडकपणा वासाचा, दुसरा निकोटिनचा. लटाकिया हे पहिल्याचं ठळक उदाहरण. सीरियातल्या बंदराच्या गावावरून हे नाव आलं. आता बाजारात दिसतो तो बहुतेक सायप्रसच्या पानाचा. बारीक पानांचा पौर्वात्य तंबाखू झोपडीत टांगतात आणि खाली पाइन, ओक, मर्टल, मॅस्टिक अशा सुवासिक झाडाझुडपांचा मंद धूर बराच काळ करत राहतात. पान काळं पडतं. डबा उघडला की शेकोटी, चामडं, डांबर, उदबत्तीची राख हे सगळं एकदम अंगावर येतं. खोलीतला दुसरा माणूस उठून खिडकी उघडतो. इतकं असूनही लटाकियात निकोटिन फार नसतं. ओढणाऱ्याला गरगरत नाही.

याच्या उलट इंग्लंडच्या उत्तरेला, कंब्रियातल्या केंडल गावात तयार होणारे जाड दोरखंडासारखे वळलेले तंबाखू. तिथली तपकीर आणि तंबाखूची परंपरा अठराव्या शतकातली. काळाभोर, तेलकट दोर. सुरीनं चकत्या कापायच्या, चोळायच्या, थोडं सुकू द्यायचं. यातले साधे, बिनवासाचे दोर नाकाला गप्प वाटतात आणि मग माणसाला बसल्या जागी घाम फोडतात. अमेरिकेतल्या केंटकी आणि टेनेसी भागातला, लाकडाच्या धुरावर वाळवलेला गडद तंबाखू या दोहोंच्या मधला. त्याला धुराचा वासही आहे आणि अंगात दमही आहे.

हे असं का, ते मला एका रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मित्रानं समजावलं. गरम हवेच्या भट्टीत वाळवलेल्या व्हर्जिनिया पानात साखर बरीच शिल्लक राहते. त्याचा धूर आम्लाकडे झुकतो आणि आम्ल धुरातलं निकोटिन तोंडाच्या अस्तरातून फारसं आत जात नाही. नुसत्या हवेवर किंवा धुरावर वाळवलेल्या गडद पानात साखर जवळजवळ उरत नाही, धूर अल्कधर्मी होतो आणि निकोटिन गालाच्या आतल्या बाजूनंच रक्तात उतरतं. पाइप ओढणारा माणूस धूर छातीत घेत नाही, तोंडात खेळवून सोडतो. तरीही त्याला निकोटिन लागतं ते या वाटेनं. म्हणून असा तंबाखू जेवणानंतर, बसून, सावकाश ओढायचा. गरगरलंच तर चिमूटभर साखर जिभेवर ठेवायची.

आता टिकणाऱ्या चवीकडे येतो.

जिभेला खारट, गोड, आंबट, कडू आणि ज्याला आता उमामी म्हणतात ती मांसल चव, एवढंच समजतं. तंबाखूत ज्याला आपण लाकूड, मनुका, गवत, चामडं म्हणतो ते सगळं नाकाचं काम आहे, आणि तेही पुढच्या नाकपुड्यांचं नव्हे. तोंडातला वास श्वास सोडताना घशाच्या मागून वर चढतो आणि नाकाच्या छतापर्यंत जातो. मुरलेले पाइपवाले थोडासा धूर मुद्दाम याच वाटेनं, अगदी हलक्या हातानं बाहेर काढतात. ज्यानं हे कधी केलं नाही त्यानं अर्धाच तंबाखू ओढला असं मी म्हणेन. पण हीच वाट पुढे चव टिकवून धरते. धुरातले कण लाळेच्या पातळ थरात आणि तोंडाच्या, घशाच्या ओल्या अस्तरात अडकतात. तिथून ते प्रत्येक उच्छ्वासाबरोबर थोडे थोडे सुटत राहतात. पाइप विझलेला असतो, पण नाकाला खुराक चालूच असतो.

धुरी दिलेल्या पानांच्या बाबतीत हे जास्त होतं, कारण त्यात फिनॉल वर्गातली द्रव्यं भरलेली असतात. लाकडाला ताठपणा देणारं लिग्निन जळताना फुटतं आणि त्यातून ग्वायाकॉल, सिरिंगॉल अशी द्रव्यं निघतात. चुलीत भाजलेल्या वांग्याला, कृष्णाकाठच्या शेतात आगटीवर भाजलेल्या हुरड्याला जो वास असतो, त्यात यांचाच हात. माणसाच्या नाकाला ती अत्यंत अल्प प्रमाणातही जाणवतात. ती उडून जायला सावकाश आणि चिकटायला चटकन. लटाकियाच्या पानावर ही द्रव्यं पेटवण्याच्या कितीतरी आधी, धुरीच्या झोपडीतच बसलेली असतात. आपण पाइप पेटवतो तेव्हा त्यांना दुसऱ्यांदा आग लागते. मला यात एक गोष्ट फार आवडते. व्हॅनिलाचा जो कृत्रिम अर्क आइस्क्रीममध्ये घालतात, तो कारखान्यात बऱ्याचदा ग्वायाकॉलपासूनच तयार करतात. शेकोटी आणि आइस्क्रीम इतके जवळचे नातेवाईक आहेत.

चव घालवायची असेल तर पाण्यानं फारसं काही होत नाही. मला ताकाचा उपयोग होतो. साय असलेलं दही त्याहून बरं, कारण यातली बरीच द्रव्यं पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थात लवकर विरघळतात. गरम वरणभात तूप घालून खाल्ला की निम्मा भार उतरतो. बडीशेप आणि वेलदोडा काहीच घालवत नाहीत, ते फक्त वर आणखी एक वास चढवतात, आणि ते मिश्रण मला सहन होत नाही. पण खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी सौदा नसेल तेव्हा मी काहीच घालवत नाही. मी वाट बघतो.

कारण वाट बघितल्यावरच तंबाखू आपलं म्हणणं पुरतं सांगतो. लटाकिया जास्त असलेलं मिश्रण रात्री भरजरी वाटतं. सकाळी त्यातली शेकोटी विझलेली असते आणि ओल्या कोळशाचा कडवटपणा तेवढा राहतो. चहाचा पहिला घोट त्यात बुडतो. पण ज्या मिश्रणात लटाकिया मीठ घालावं तितकाच आहे आणि बाकी भरणा जुन्या, दाबून ठेवलेल्या व्हर्जिनियाचा आणि पौर्वात्य पानांचा आहे, त्याची सकाळ वेगळी असते. धूर मागे सरकतो, आंबटगोड काहीतरी पुढे येतं. केंटकीचा गडद तंबाखू रात्री रांगडा, सकाळी मात्र सभ्य. भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीचा वास असतो तसा काहीसा, आणि तो चहाबरोबर जमतो.

माझ्या कसोटीला पूर्ण उतरणारा एक प्रकार आहे. अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या सेंट जेम्स पॅरिशमध्ये पेरीक नावाचा तंबाखू होतो. त्याचं क्षेत्र अगदी थोडं. पानं व्हिस्कीच्या जुन्या पिंपात दाबून भरतात, वरून स्क्रूच्या जॅकनं दाब देतात आणि पान आपल्याच रसात वर्षभर आंबत राहतं. मधूनमधून काढून, हवा देऊन, पुन्हा दाबतात. नुसता ओढायला तो झेपत नाही, मिरीसारखा नाकात चढतो. व्हर्जिनियाच्या चपट्या वड्यांत तो थोडा मिसळला की रात्री तिखट आणि सकाळी सुक्या अंजिराचा, बेदाण्याचा. तासगावकडे बेदाण्याच्या शेडवर ज्यानं कधी उन्हाळ्यात फेरी मारली असेल त्याला हा वास परका वाटणार नाही. जिभेवर आंबट कड राहते, चहा बिघडत नाही, आणि दुपारपर्यंत ती आपल्या आपण निघून जाते. जाण्याची वेळ ओळखणं हाही गुणच म्हणायला हवा.

हे सगळं तोंडापुरतं झालं. पाइपची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, कारण पाइप चूळ भरत नाही.

मिरजेत आमचे एक अप्पा आहेत. वडिलांचे स्नेही, रेल्वेतून निवृत्त झालेले. वय झालंय, पण पाइप हातात धरायची पद्धत अजून अशी की बघत राहावं. त्यांच्या लाकडी मांडणीत पाइप रांगेनं उभे असतात आणि प्रत्येकाचा तंबाखू ठरलेला असतो. लटाकियाच्या पाइपमध्ये दुसरं काही जायचं नाही. केंडलच्या वासाच्या तंबाखूचा पाइप तर रांगेतसुद्धा नाही, तो वेगळ्या पिशवीत, वेगळ्या कप्प्यात. "तू माणसं एका पंगतीला बसव, माझी ना नाही," ते मला म्हणाले, "पण तंबाखूची पंगत वेगळीच ठेवायची."

त्यांच्या या शिस्तीला कारण आहे. चांगला पाइप बनतो ब्रायरचा. भूमध्य समुद्राच्या काठच्या देशांत उगवणाऱ्या एका झुडपाच्या खोडाला, मुळाच्या वर, गाठ येते. ती गाठ काढून, तासन् तास उकळून, महिनोन् महिने सुकवून तिचा पाइप कोरतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्समधल्या सेंट क्लॉद गावानं हा धंदा जगभर नेला. हे लाकूड घट्ट, सहसा न जळणारं, आणि तरीही ओलावा शोषणारं आहे. तंबाखू जळताना निघणारं पाणी, डांबर, तेल त्यात मुरतं. शिवाय भांड्याच्या, म्हणजे पाइपच्या तंबाखू भरायच्या खोलगट भागाच्या, आत कार्बनचा थर बसतो. हा थर हवाच, तो लाकडाला वाचवतो. अप्पा तो जेमतेम नाण्याच्या जाडीइतका राखतात. जास्त वाढला तर तापल्यावर थर आणि लाकूड वेगवेगळ्या मापानं फुगतात आणि भांड्याला चीर जाते. पण कार्बनचा तो थर सच्छिद्र असतो आणि वास धरून ठेवण्यात पटाईत. म्हणजे मागचे सगळे तंबाखू त्यात जमा असतात, आणि नवा तंबाखू पेटला की तेही तापतात.

यात सगळ्यांत चिवट कोण, याबद्दल अप्पांचं आणि माझं एकमत आहे. लटाकिया हट्टी खरा, पण साधा तंबाखू पुन्हा पुन्हा ओढत राहिलं तर तो हळूहळू माघार घेतो. केंडलकडचा फुलांचा वास माघार घेत नाही. त्या तंबाखूंना गुलाबाचा, जिरेनियमचा आणि टोंका बियांचा पुट देतात. टोंकामध्ये कुमारिन असतं, आपल्याकडे दालचिनी म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅशियाच्या सालीतही ते असतं, आणि वाळक्या गवताचा गोड वास त्याचाच. अमेरिकेनं १९५४ मध्ये खाद्यपदार्थांत कुमारिन घालायला बंदी केली. काही लोकांना हा वास आजीच्या कपाटातल्या साबणाचा वाटतो आणि ते तोंड फिरवतात. मला तो आवडतो. पण तो एकदा पाइपात शिरला की त्यानंतर त्या पाइपात काहीही ओढा, शेवटच्या तिसऱ्या हिश्शात, भांडं खालपर्यंत तापलं की गुलाब येतोच.

असा एक पाइप अप्पांकडे जुन्या बाजारातून आला होता. घाट उत्तम, लाकडाच्या रेषा सरळ, आणि वास असा की काकूंनी तो घरात ठेवू दिला नाही. अप्पांनी तो कसा धुतला ते मी शेजारी बसून पाहिलं. आधी आतला कार्बनचा थर त्यांनी लाकूड दिसेपर्यंत खरवडला. मग दांडीचं भोक कापसानं बंद केलं, कारण मीठ दांडीत गेलं तर ती चिरते. भांड्यात काठोकाठ जाडं मीठ भरलं आणि ड्रॉपरनं थेंब थेंब करून चांगली दारू सोडली, मीठ भिजेल एवढीच. औषधाच्या दुकानातलं किंवा रंगवाल्याचं स्पिरिट चालत नाही, त्यात मिथेनॉल असू शकतं आणि ते विष आहे. हे अप्पांनी मला बजावून सांगितलं. पाइप वाटीत उभा करून रात्रभर ठेवला. सकाळी मीठ तपकिरी झालं होतं, कडेनं तर जवळजवळ काळं. ते काढून त्यांनी पाइप बरेच दिवस नुसता हवेवर ठेवला. मग साधा, बिनवासाचा बर्ली तंबाखू भरून मला दिला. पहिला अर्धा भाग स्वच्छ गेला. मग खाली जाता जाता, फार दुरून, गुलाब.

"गेला नाही," मी म्हणालो.

"जाणार नाही. आता निदान दार वाजवून येतो," अप्पा म्हणाले.

वास न धरणारे पाइपही आहेत. तुर्कस्तानात एस्कीशेहिरजवळच्या मातीत सापडणाऱ्या पांढऱ्या खनिजाचा, मीरशॉमचा पाइप. तो ओलावा पितो, मधासारखा रंगत जातो, आणि त्यात कार्बनचा थर जमू द्यायचा नसतो. दर वेळी पुसून घेतला तर कालचा तंबाखू आज फारसा बोलत नाही. आणि मातीचा पाइप तर सगळ्यांत सोपा. इंग्लंडातल्या जुन्या गुत्त्यांत मातीचे पाइप लोखंडी जाळीत ठेवून भट्टीत तापवायचे, सगळं जळून पांढरे व्हायचे. आपल्याकडे हे कुणी परक्यानं शिकवायची गरज नव्हती. आमच्या आजोळी मातीची चिलीम चुलीच्या निखाऱ्यात टाकून लाल करायचे आणि गार झाल्यावर नवी साफी, म्हणजे ओढताना धरायचं फडकं, गुंडाळून पुन्हा भरायचे. नवा तंबाखू कोणताही असो, चिलीम कोरी.

तरीही मी ब्रायरच ओढतो, आणि अप्पांची शिस्त पूर्ण पाळत नाही. माझं मत असं, की नात्यातले तंबाखू एका पाइपात चालतात. व्हर्जिनियाच्या पाइपात पेरीक चालतो, पेरीकच्या पाइपात केंटकी चालतो. मागच्याचा थोडा अंश पुढच्यात उतरला तर चव खोल होते. हळदीतही असंच आहे. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाच्या गावी, जमिनीत खणलेली पेवं आहेत. तिथल्या मातीत हळद वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नसतं, आधी हवा खेळू द्यावी लागते. त्या भिंतींत आधीच्या सगळ्या सालांची हळद मुरलेली असायची आणि जुने व्यापारी पेवातल्या मालाला कोठारातल्या मालापेक्षा वेगळा मान द्यायचे. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि बरीच निकामी झाली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला आनंद झाला, आणि पेवाच्या वासाची हळद ज्यांनी हुंगलीच नाही अशी एक पिढी बाजारात उभी आहे हेही जाणवलं. अप्पांना हा दाखला मान्य नाही. "पेवात तुम्ही हळदीवर मिरची ठेवत नव्हतात," असं ते म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून लटाकियाचा पाइप मीही वेगळा ठेवला आहे.

काकूंनी आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही, पण या घरातलं सगळ्यांत तयार नाक त्यांचं. आदल्या दिवशी अप्पांनी काय ओढलं ते त्या खुंटीवरच्या स्वेटरवरून सांगतात. "काल जळक्या चामड्याचा होता, परवा तो बरा होता, मनुक्याचा." मी त्यांना विचारलं होतं, की तुम्हाला याचा त्रास नाही का झाला इतकी वर्षं? त्या म्हणाल्या, "झाला की. गच्चीवर पाठवायला मला बरीच वर्षं लागली." त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. निकोटिन भिंतीवर, पडद्यांत, गाद्यांत, लोकरीत बसतं आणि लवकर उठत नाही. हवेतल्या नायट्रस आम्लाशी त्याचा संयोग होऊन नायट्रोसामिन वर्गातली कर्करोगकारक द्रव्यं तयार होतात. म्हणजे आपण ज्याला राहिलेला सुवास म्हणतो, तो त्या खोलीत रांगणाऱ्या पोराच्या हाताला लागत असतो. मी घरात पाइप पेटवत नाही. पाइप छातीत ओढत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी असतो असं कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. ओठ, जीभ, घसा इथे कर्करोग होण्याचा धोका पाइपनंही वाढतो. ज्या अस्तरात चव अडकते त्याच अस्तराचा हा प्रश्न आहे. मी फार कमी ओढतो, आणि ज्यानं सुरुवात केलेली नाही त्यानं हा लेख वाचून ती करू नये.

टिकणाऱ्या वासाची दुसरी बाजू बघायची असेल तर कोल्हापूर ओलांडून निपाणीला जावं. बिडीचा तंबाखू तिथला. भाव मिळावा म्हणून १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तिथल्या शेतकऱ्यांनी महामार्ग रोखला होता. मी धंद्याच्या ओळखीनं एका वखारीत गेलो होतो. दारातच ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. आत बायका तंबाखू चाळत होत्या, काड्या वेगळ्या करत होत्या, नाकातोंडावर पदर गुंडाळून. पिवळी धूळ त्यांच्या भुवयांवर, मनगटांवर, पदरावर बसलेली. त्यातल्या एकीला मी विचारलं, घरी गेल्यावर वास जातो का? ती म्हणाली, "न्हाऊनबी जात न्हाई. भाकरीला लागतोय." तिचं हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. मी ज्या चवीची वाट बघत झोपतो, ती तिला भाकरीतून नको असताना खावी लागते. घरी बसून बिड्या वळणाऱ्यांचंही तेच. हजारी हिशेबावर मजुरी, आणि सुपातला तंबाखू दिवसभर मांडीवर.

आणि मिशरी. सांगली-सातारा भागात वाढलेल्या कुणालाही तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास विसरता येणार नाही. आमची आजी दुपारी, पुरुषमाणसं बाहेर गेली की मिशरी भाजायची. काळी होईपर्यंत भाजलेली ती पूड डबीत भरायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटानं दातांना लावायची. तिच्या उजव्या हाताच्या बोटाला तो वास कायमचा होता. तिनं भरवलेल्या दूधभातालाही तो असायचा. मला पुढे केंटकीचा गडद तंबाखू पहिल्याच वेळी ओळखीचा का वाटला, याचं उत्तर मी तिथेच शोधतो. जळलेलं पान, लोखंड आणि थोडी गोडी. आजीला पुढे हिरड्यांचा फार त्रास झाला, दात लवकर गेले. ते लक्षात ठेवूनच मी ही ओळख सांगतोय.

निपाणीहून येताना त्या वखारीच्या मालकानं थोडं पान हातावर ठेवलं होतं. बिडीचं पान उन्हात वाळवलेलं, जाड, चिमटीत खरखरणारं. अप्पांनी ते थोडं ओलसर करून, दोन फळ्यांत दाबून, शिकंज्यात ठेवलं. बराच काळ विसरल्यासारखं ठेवलं. मग थोड्या व्हर्जिनियात मिसळून आम्ही ते त्यांच्या गच्चीवर ओढलं. धूर राकट होता, जीभ भाजत होती, आणि अप्पांनी अर्ध्यावर पाइप खाली ठेवला. मी संपवला. सकाळी उठलो तेव्हा तोंडात उन्हात तापलेल्या मातीची, किंचित मोहरीच्या अंगाची चव होती. कडू नव्हती. चहा त्यावर चांगला बसला. मी अप्पांना फोन करून सांगितलं, की पान चांगलं आहे, दाब कमी पडला. त्यांना पटलं नाही. त्यांनी विचारलं, "कोणत्या पाइपात ओढलास?" केंटकीच्या, मी म्हणालो. "मग ती चव केंटकीची. कोऱ्या मातीच्या चिलमीत ओढ, मग बोल."

कुंभारवाड्यातून चिलीम आणली आहे. दाबलेलं पान अप्पांच्या शिकंज्यात आहे, पावसाळा संपेपर्यंत ते काढणार नाहीत.